तांडेल आधी बसतो

बस्त्यावदादाचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. उत्तनजवळच्या पालीचा बस्त्याव. आठवडाभर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि रविवारी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. त्याच्या पाठोपाठ त्याच्या बायकोचं, रेजिनावहिनीचं नाव, कारण मला जेवू तिने घातलं. ही दोन माणसं भेटली नसती तर मी आज कुठे असते, याचा विचार मी शक्यतो करत नाही. करायला बसले की छातीत धडधडतं, आणि माझी छाती तशीही कशानेही धडधडते. शाळा नववीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. त्या वाचणाऱ्याने पोटात घालाव्यात.

भाईंदरला मी आले ती आत्याबरोबर. आमचं गाव हिंगोलीकडचं. दहावीची शाळा तालुक्याला, बस एकच, आणि ती परत येईपर्यंत अंधार पडायचा. बाबा म्हणाले, पुरे झालं. पुष्पाआत्या तेव्हा माहेरी आली होती. भाईंदर पश्चिमेला एका दवाखान्यात ती आया होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती म्हणाली, "घरात बसून काय करील पोरगी? माझ्याकडं येऊ दे. थोडं काम करील, मग बघा स्थळबिळ." माझ्या एका पिशवीत दोन ड्रेस आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी होती. मिलिंददादा, माझा मोठा भाऊ, एसटीपर्यंत सोडायला आला आणि बस सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभा राहिला. त्यानेच मला मोटरसायकल शिकवली होती, आमच्या शेताकडे जाणाऱ्या पांदीत, बाबांची नजर चुकवून. पुढे जे झालं त्याला तोही जबाबदार आहे, हे मी त्याला अजून ऐकवते.

आत्याची खोली स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमागे होती. सकाळ झाली की पॉलिशची मशिनं सुरू व्हायची आणि भिंत हाताला थरथरती लागायची. आत्या ज्वारी गावाहून मागवायची. तिने भाकरी थापायला घेतली की त्या गोंगाटातही शेजारच्या जिग्नाबेनला ऐकू जायचं, आणि ती दारात येऊन विचारायची, "पुष्पाबेन, आज रोटला?" आत्या तिला एक द्यायची आणि तिच्याकडून ताकाची वाटी यायची. मला त्यातल्याच एका गाळ्यात डबे पुसून पॅक करायचं काम लागलं. पहिले काही महिने मला झोप नव्हती. कुठलं मशीन कधी वेगळं वाजतंय, कुणाचा हात त्यात जाईल, पट्टा सुटेल का, असंच डोक्यात. हळूहळू एकेक मशीन मला आवाजावरून ओळखू यायला लागलं. कारागिराच्या आधी मला कळायचं की पट्टा ढिला झालाय. यात हुशारी काही नव्हती. भीती होती, दुसरं काही नाही.

गाळ्याची एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती, दुकानांत माल पोचवायला. ती चालवणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा मी म्हटलं, मला येते. शेठ हसला, मग त्याने मला गल्लीत फेरी मारून दाखवायला लावली, आणि मग हसला नाही. त्या गाडीवर डब्यांचे गठ्ठे बांधून मी मुर्धा, राई करत उत्तनपर्यंत जायची. एका दुपारी उत्तनच्या पुढे गाडी बंद पडली. मी घामाघूम. मागे माल, ओळखीचं कुणी नाही, शेठ काय म्हणेल. रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये बोटीचं इंजिन उघडून एक माणूस बसला होता. गळ्यात क्रूस, अंगात बनियन, कोपरापर्यंत ग्रीस. तो उठून आला. गाडीला हात न लावता त्याने मला विचारलं, "आवाज कवा बदलला?"

मी म्हटलं, "मुर्ध्याच्या वळणानंतर. आधी बारीक शिट्टीसारखं येत होतं, राईला ते खालच्या सुरात गेलं, मग बंद."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एवडा आयकत होतीस तं थांबली का न्हाय?"

"भीती वाटली. थांबले तर परत चालू होणार नाही असं वाटलं."

"भीती वाटली म्हनून आयकलंस," तो म्हणाला. "बरां हाय. भ्यालेला मानूस मला कामाचा."

तो बस्त्यावदादा. रविवारी ये म्हणाला. आत्याला मी खोटं सांगितलं नाही, पण सगळंही सांगितलं नाही. "पालीला एक कुटुंब आहे, तिथे इंजिनाचं काम शिकवतात," एवढंच. आत्या म्हणाली, "बाईमाणूस आहे ना घरात?" आहे म्हटल्यावर तिने सोबत भाकऱ्या बांधून दिल्या.

त्या घराबद्दल किती लिहू आणि किती नको. गल्ली इतकी अरुंद की गाडी आत घालताना आरसे मिटावे लागत. दारापुढे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत, त्यांचा वास पहिल्या दिवशी मला सहन झाला नाही आणि आता इथे, कोइंबतूरला, कुठल्या तरी दुकानाशी तो वास आला की मी उगीच थांबते. जेवायला सगळी जमिनीवर. रेजिनावहिनी आंबटात मासे शिजवायची आणि माझी भाकरी बघून म्हणाली, "काय ग, आमचा भात तुला विषारी हाय का?" पुढच्या रविवारी मात्र तिने स्वतःच विचारलं, भाकरी आणलीस ना? तिला आवडायला लागली होती. जेवता जेवता बाहेर खाडीत बोटी परत यायला लागायच्या, आणि घास तोंडात असतानाच दादा नुसत्या आवाजावरून म्हणायचा, "ही इनासची. ही जोजफची, त्याचा एक सिलिंडर रुसलाय." वहिनी तोवर ताट बाजूला सारून उठलेली असायची, मासे घ्यायला. मी तोंड उघडं ठेवून ऐकत बसायची. शाळेत मला कुणी असं काही शिकवलं असतं तर कदाचित मी पायी गेले असते तालुक्याला.

त्या घरात एक रीत होती. शर्यतीत किंवा सरावात कुणी पडलं, कुणी चुकलं, तर त्याबद्दल गाडीवर असताना अवाक्षर काढायचं नाही. सगळं जेवणाच्या वेळी. ताट पुढे आलं की मग ज्याने त्याने आपली चूक सांगायची, आणि बाकीच्यांनी हवं तेवढं हसायचं. दादा स्वतःपासून सुरुवात करायचा. "आज मी डाव्या वळनाला ब्रेक मारला न्हाय, देवाला मारला," म्हणजे देवाचं नाव घेतलं आणि ब्रेक विसरला. वहिनी म्हणायची, "देव काय करल, तेला लायसन हाय का?" मला वाटायचं, चूक झाली की ती लगेच कबूल करावी, माफी मागावी. दादा म्हणायचा, "चूक घेऊन फुडच्या वळनाला गेलीस तं ती मागं बसते, डबलशीट. वजन होतं. तिला वाळूत सोड. जेवाला परत येते ती, कुटं जात न्हाय."

आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आजही त्याला मानते. ओहोटीला पालीच्या पुढे किनाऱ्यावर टणक वाळूचा पट्टा उघडा पडायचा. तिथे आमचा सराव. मी पोचले की दादा गाडीचा एक भाग काढून खिशात घालून उभा असायचा आणि मी विचारायचं, "आज काय न्हाय?" कधी क्लचची दांडी नसायची. मग इंजिनाचा सूर ऐकून, तो नेमका जुळला की पायाने गिअर ढकलायचा, क्लचशिवाय. पहिल्यांदा गिअरबॉक्स असा कडकडला की मला रडू आलं. कधी पुढचा ब्रेक नसायचा, कधी एका बाजूचं पाय ठेवायचं पेडल. एकदा गिअरची दांडीच नव्हती, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवलेली, आणि वाळूत काठ्या रोवून केलेली वळणं तशीच घ्यायची. संध्याकाळी सगळी गाडी गोड्या पाण्याने धुवायची, कानाकोपऱ्यातलं मीठ काढायचं, तेल द्यायचं. आता आमच्या टीमकडे गाडीच्या अंगावर इतके सेन्सर असतात की काय बिघडणार ते पडद्यावर आधी दिसतं. पोरं हुशार आहेत, मला ती आवडतात. पण बिघडल्यावर ती पडद्याकडे बघतात.

दादाला मी शर्यतीत पहिल्यांदा पाहिलं ते चेण्याला. घोडबंदर रोडच्या बाजूला एका मोकळ्या जागेत जेसीबीने मातीचे उंचवटे आणि वळणं करून ट्रॅक बनवला होता. भोंगे, वडापाव, धुरळा, आणि दोरीच्या मागे माणसंच माणसं. शर्यत अर्ध्यावर आली असताना दादाचा पाय हवेत गिअर शोधताना मला दिसला. दांडी तुटून पडली होती. मला वाटलं संपलं. पण त्याचा चेहरा हेल्मेटमधून दिसत नसला तरी खांदे दिसत होते, आणि ते खांदे खाली आले नाहीत. पुढच्या वळणाला सगळे आतून कापत, वेग तोडत वळले. त्याला वेग तोडून चालणार नव्हतं, खालचा गिअर नव्हता. म्हणून तो अगदी बाहेरच्या कडेने, दोरीला घासत, न थांबता वाहत गेला. प्रत्येक फेरीला त्याने नवी वाट काढली. बाकीच्यांच्या गाड्या ओरडत होत्या, थांबत होत्या, पुन्हा ओरडत होत्या. त्याची एकाच सुरात गात होती. तो तिसरा आला. मी बाजूच्या अनोळखी बाईचा हात धरला होता हे मला तिने सोडवून घेतल्यावर कळलं. नंतर बघत गेले तसे आणखी दिसले. साखळी उतरलेली गाडी शेवटचा चढ खांद्याने रेटत नेणारा एक नाशिकचा पोरगा. ब्रेकचं तेल गळाल्यावर उंचवट्यांवर उडून वेग कमी करणारा एक पोलिसाचा मुलगा. ही माणसं माझ्यासारखीच हाडामांसाची होती आणि घाबरतही होती, मी विचारून घेतलंय. तरी ती हे करायची. मला ते देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

मी दादाला विचारलं, "दांडी तुटली तेव्हा डोक्यात काय आलं?"

तो म्हणाला, "माजा बाप तांडेल होता, बोटीचा मुख्य. दर्यात इंजिन बंद पडलं ना, का सगले खलाशी तेच्याकडं बगत. आनि तो काय करी? पयला बसे. हातातलं सोडून फलीवर मांडी घालून बसे. कवा कवा बिडी पेटवी. तो बसला म्हंजे पोरांना समजे का आजून येल हाय. मंग डोसकी चालत सगल्यांची. तो उबा राहून वरडला असता तं चार जन पान्यात उड्या मारतीत."

"पण तू तर गाडीवर होतास. कसा बसलास?"

"आत बसलो," तो म्हणाला, आणि बोंबलाचा काटा काढायला लागला.

मी वर्षभर त्याची जुनी गाडी घेऊन छोट्या शर्यतींत उतरले. बायकांचा वेगळा गट नसायचाच, पोरांतच उतरायचं. कधी मधे, कधी मागे. मग गावाहून निरोप आला. वसमतकडचं स्थळ, मुलगा कापूस जिनिंगमध्ये, मंगळवारी बघायला येणार. मिलिंददादा रविवारी मला घ्यायला येणार आणि रात्रीच्या गाडीने निघायचं. आत्याने निरोप सांगितला आणि भांडी घासत राहिली. त्या रात्री तिने माझ्या केसांना तेल लावलं, जे तिने कधी केलं नव्हतं.

नेमकी त्याच रविवारी चेण्याची मोठी शर्यत होती. कोइंबतूरच्या एका टीमचे सेल्वम नावाचे गृहस्थ माणसं बघायला येणार होते. डांबरी ट्रॅकवर धावणारी टीम, राहणं-खाणं त्यांचं. बस्त्यावदादाने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. सकाळी ते आमच्या गाडीपाशी आले, गुडघ्यावर बसून तिचा प्रत्येक स्क्रू बघितला, दादाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहला पाँच में आएगा तो बात करेगा. नहीं तो सॉरी." एवढंच. पहिल्या पाचांत आले तर कोइंबतूर, नाही तर रात्रीची गाडी आणि मंगळवार. मला दोनदा उलटी झाली. रेजिनावहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सगला काढून टाक, हलकी होशील. गाडी उडल चांगली."

मिलिंददादा स्टेशनवरून थेट चेण्याला आला. हातात आईने दिलेला आंबाडीच्या भाजीचा डबा. बस्त्यावदादाला त्याने "जय भीम" केला, दादाने ग्रीसचा हात कपाळाला लावला. मग मिलिंददादा माझ्याकडे वळला. माझ्या अंगात ते चिलखतासारखं जाकीट, पायात बूट. "करुणे," तो म्हणाला, "हे कामून करायलीस गं? बाबांना कळलं तर..."

"एवढी एक करू दे. मग येते तुझ्यासंगं."

"पडलीस म्हंजे?"

"पांदीत पडले तेव्हा तूच हसला होतास."

शर्यत सुरू झाली आणि माझं पोट एकदम शांत झालं. हे आजही मला कळत नाही. आयुष्यभर ज्या बाईला गॅस बंद केला का म्हणून तीन जिने परत चढावे लागतात, तिला त्या गोंगाटात एवढं स्वच्छ कसं वाटावं? मी सहावी होते, मग पाचवी. तशीच काही फेऱ्या टिकले. आणि मग एका उजव्या वळणाला मी तो मूर्खपणा केला. दोरीपाशी मिलिंददादा उभा होता, आणि तो मला बघतोय का हे बघायला मी मान वळवली. नजर जाईल तिकडे गाडी जाते. पुढचं चाक भुसभुशीत मातीत गेलं, मी उजव्या अंगावर आपटले आणि माझ्यावरून दोघं-तिघं निघून गेले. हँडल जमिनीवर घासत गेलं होतं. मी उठले, गाडी उभी केली, किक मारली. चालू झाली. मूठ पिळली, तर ती नुसतीच फिरली. हलकी, रिकामी. अ‍ॅक्सिलेटरची केबल मुठीपाशी तुटून आत खेचली गेली होती. बाहेर धरायला बोटभरही उरलं नव्हतं. इंजिन चालू होतं, पण जागच्या जागी पुटपुटण्याएवढंच.

सगळं काढून दादाने मला सराव दिला होता, पण केबल त्याने कधी काढली नव्हती. तीच नसेल तर गाडी चालणार कशी? पिट, म्हणजे गाड्या दुरुस्त करायची जागा, ट्रॅकच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथपर्यंत गाडीला दुसऱ्या कुणी हात लावला तर शर्यतीतून बाद, हा नियम. बस्त्यावदादा दोरीला लागून उभा होता, माझ्यापासून हाताच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ. मी त्याच्याकडे बघितलं. बहुतेक मी ओरडले, "दादा!" बाजूची माणसं ओरडतच होती, ढकल, सोड, बाहेर ये. मिलिंददादा दोरीखालून आत यायला निघाला होता आणि वहिनीने त्याचा शर्ट मागून धरला होता.

बस्त्यावदादाने माझ्याकडे बघितलं आणि तो खाली बसला. रविवारची चांगली पँट घालून, चिखलात, मांडी घालून. माणसं त्याच्या पायाला अडखळत होती. आणि खिशातून त्याने बिडी काढली.

त्या क्षणी माझ्या आत काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. वेळ आहे, एवढं कळलं. अजून वेळ आहे. आणि मग मला त्याच्या शेडमधलं बोटीचं इंजिन दिसलं. बोटीला मूठ कुठे असते? तिथे एक दांडी असते. ती एकदा लावून ठेवली की इंजिन एकाच सुरात चालत राहतं, आणि बाकी सगळं माणूस करतो. मोटरसायकलच्या कार्बोरेटरला अंगावर एक छोटा खाचांचा स्क्रू असतो. गाडी उभी असताना इंजिन किती जोरात चालू राहावं हे त्याने ठरतं. मी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तो स्क्रू बोटांनी फिरवत गेले. बोटं भाजली. इंजिन गुरगुरायला लागलं, मग ओरडायला. स्क्रू संपेपर्यंत फिरवला. दोरीमागून कुणीतरी म्हणालं, "अरे पागल है क्या!"

आता माझ्याकडे वेगाने चालणारं एक इंजिन होतं, ज्याला मी कमी-जास्त काही करू शकत नव्हते. क्लच सोडला तशी गाडी उधळली. पहिल्याच वळणाला क्लच धरला तर इंजिन असं किंचाळलं की फुटेल असं वाटलं. मग डाव्या अंगठ्याखाली इंजिन बंद करायचं बटण असतं ते आठवलं. वळण आलं की ते क्षणभर दाबायचं. इंजिन डोळा मिटल्यासारखं मिटायचं. सोडलं की फिरत्या चाकांनी त्याला पुन्हा जागं करायचं. पापणी लवावी तसं मी ते इंजिन चालवलं. उंचवट्यांवरून उडायचं सोडून दिलं, त्यांच्या अंगावरून सरपटत गेले. मागचा ब्रेक जळाल्याचा वास येत होता. किती जण मला ओलांडून गेले मला माहीत नाही. मी चूक वाळूत सोडली होती, पाचवा नंबरही तिथेच सोडला होता. मी ऐकत होते फक्त. जन्मभर ज्या कानांनी मला झोपू दिलं नाही, ते कान त्या दिवशी माझ्या हातापायांना सांगत होते, आता, आता, आता.

शेवटची आले. माझ्यामागे फक्त जे बंद पडले ते. झेंडा पडला तेव्हा गाडी थांबवायला मला बटण दाबून धरावं लागलं, आणि ती शांतता एवढी मोठी वाटली की मी गाडीवरून उतरायचंच विसरले. बस्त्यावदादा चिखलाची पँट घेऊन आला. त्याने आधी माझी बोटं बघितली, मग वाकून कार्बोरेटर बघितला. खूप वेळ बघितला. मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "ह्यो म्या न्हाय शिकवला," तो म्हणाला.

सेल्वम सर चालत आले. "पाँच में नहीं आया."

"नहीं आया," मी म्हटलं.

"लेकिन गाड़ी आया." ते खाली बसले, स्क्रूवरचं माझं जळालेलं कातडं त्यांनी नखाने खरवडून बघितलं. "राइडर नहीं चाहिए मेरे को, राइडर बहुत है. मेकॅनिक बनेगा?"

मला रेसर व्हायचं होतं. ते मी झाले नाही, आणि ते खुपलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण मी हो म्हटलं, आणि हो म्हणताना मिलिंददादाकडे बघितलं. तो अजून आंबाडीचा डबा छातीशी धरून होता. "बाबांना मी काय सांगू?" तो म्हणाला. मग स्वतःशीच, "मी सांगतो काहीतरी." आणि मग माझ्या हेल्मेटवर टपली मारून, "पण तू मागं वळून कामून बघितलंस गं, येडे?"

बस्त्यावदादा लगेच म्हणाला, "आता न्हाय. जेवाला."

रात्रीची गाडी मिलिंददादाने एकट्यानेच पकडली, पण आधी तो पालीला जेवला. आंबाडीची भाजी आणि सुकट एकाच ताटात. मी माझी चूक सांगितली आणि सगळे हसले. मग पाळी मिलिंददादाची आली. त्याला रीत माहीत नव्हती, वहिनीने समजावली. तो बराच वेळ भातात बोटं फिरवत राहिला आणि म्हणाला, "तिची शाळा सुटली तवा मी बाबांना काहीच बोललो नाही." त्यावर कुणी हसलं नाही. वहिनीने त्याला आणखी भात वाढला.

वसमतच्या मंडळींना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलले. मी कोइंबतूरला आले, इथली भाषा शिकले, पुढे सेल्वम सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आता मी पिटमध्ये उभी असते. हे सगळं माझ्या नशिबाने झालं असंच मी समजत होते. मागच्या महिन्यात रेजिनावहिनीशी फोनवर बोलताना ती सहज म्हणून गेली, जणू मला ते माहीतच असणार. त्या सकाळी गुडघ्यावर बसून गाडी बघितल्यावर सेल्वम सरांनी आधी बस्त्यावदादाला विचारलं होतं. ही गाडी तू तयार केलीस ना, मग तूच ये, बायकोला घेऊन ये, घर देतो. दादाने म्हणे नुसतं एवढंच सांगितलं, "पयली पोरीची रेस बग, मंग बोलू." जागा एकच होती, ती मला मिळाली, आणि नंतर ते बोलणं झालंच नाही. "तेला लय हौस होती ग," वहिनी म्हणाली. "डांबराचा तो मोटा ट्रॅक एकदा बगायचा. आजून टीव्हीवर लागला का जेवन टाकून बसतो." मी फोन ठेवला आणि वर्कशॉपच्या मागे जाऊन उभी राहिले. पोरांना वाटलं काहीतरी बिघडलं.

दादा, हे तुला वहिनी वाचून दाखवील. या मोसमाच्या पहिल्या शर्यतीला मी स्वतः पालीला येणार आहे आणि तुम्हा दोघांना घेऊन येणार आहे. शेडमधली इंजिनं कोण बघणार, हे विचारू नको. इनासच्या मुलाशी माझं बोलणं झालंय. इडली आवडली नाही तर मी भाकरी करीन. तू दिलंस ते फेडायला मला बहुतेक दुसरा जन्म लागेल, आणि आमच्यात तो मानत नाहीत, म्हणून याच जन्मात जमेल तेवढं करणार. पिटमध्ये तुझ्यासाठी जागा ठेवते. त्या सकाळी आमची पहिली गाडी तू चालू करायची, आणि ती नीट वाजतेय असं तू म्हणेपर्यंत मी तिला ट्रॅकवर जाऊ देणार नाही.